सोयीचं बहिरेपण

सोलापुरात, आमच्या पूर्व भागात, कमी ऐकू येणं हा आजार धरत नाहीत. डोळ्यांपुढं धूसर आलं तर डॉक्टर, गुडघे धरले तर डॉक्टर, आणि कान गेले तर "लूमवर होते ना, जायचेच." मागावर उभा जन्म काढलेल्या माणसाशी ओरडून बोलायचं असतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही वेगळं शिकवावं लागत नाही. तक्रार असते ती दुसरीच. "हवं तेवढं बरोबर ऐकू येतंय की ओ ह्यांना!" सुनेनं दिलेल्या हाका हवेत विरतात, आणि आतल्या खोलीत पोरानं पेन्शनचा विषय काढला की मान झटक्यात वळते. माझी आत्या याला 'सोयीचं बहिरेपण' म्हणते. म्हणताना माझ्या वडिलांकडं बघते, आणि त्यांना ते ऐकू जात नाही.

मला या आरोपाबद्दलच लिहायचं आहे. निरीक्षण म्हणून तो अगदी खरा आहे. त्यातून काढलेला अर्थ तेवढा साफ चुकलेला आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादर कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की ज्याच्या नावानं हाक जाते तो जॉबर. अर्थात हाक हा शब्द नुसता म्हणायला. शेडमध्ये धोट्याची, पट्ट्याची, लाकडावर लोखंड आदळण्याची अशी खडखड सतत चालू असते की कुणाला बोलवायचं तर हात हलवायचा नाहीतर खांद्यावर थाप मारायची. शेजारच्या मागावरच्या माणसाचं बोलणं त्याच्या ओठांवरून घ्यायचं. अशा शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या पुढं सहज जातो. आठ तासांच्या पाळीला ९० ही आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांतली मर्यादा, आणि डेसिबलचं गणित फसवं असतं: आकडा नुसता ३ ने वाढला की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते.

त्या खडखडाटात अण्णा दारातून आत पाय टाकत आणि तिथूनच बोट दाखवत: तिसरी ओळ, खिडकीकडचा माग, धोटा घासतोय. मागावर उभ्या असलेल्या माणसाला कळायच्या आधी यांना कळलेलं असायचं. लहानपणी डबा द्यायला गेले की मी हे बघितलेलं आहे. कसं कळतं म्हणून विचारलं तर म्हणाले होते, "बाकीचे गप बसतात गं, तो एकटाच बोलतो."

हाच माणूस आता घरात पाच-सहा जण एकदम बोलायला लागले की एकाचंही धड पकडू शकत नाही.

गोंगाटातून एकच आवाज वेगळा उचलणं हे काम कान एकटा करत नाही, त्यातला मोठा वाटा मेंदूचा. १९५३ साली कॉलिन चेरी या ब्रिटिश संशोधकानं हा प्रश्न नीट मांडला आणि त्याला 'कॉकटेल पार्टी'चं नाव चिकटलं. सोलापुरात मांडला असता तर लूमच्या शेडचं चिकटलं असतं, आणि ते जास्त शोभलं असतं. अण्णांच्या मेंदूनं हे काम उभ्या आयुष्यात उत्तम केलं. त्या कामाला लागणारा कच्चा माल मात्र त्याच शेडनं त्यांच्या कानातून हळूहळू काढून घेतला.

त्यांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झाली त्याचा कागद माझ्याकडं आहे. उजवा कान लाल गोलांनी, डावा निळ्या फुल्यांनी. कागदाच्या डाव्या कडेला २५० हर्ट्‌झपासून जाड आवाज सुरू होतात आणि उजवीकडं ८००० पर्यंत बारीक होत जातात. अण्णांची रेघ १००० पर्यंत ठीकठाक चालते, २००० नंतर जी उतरते ती थेट खाली. ४००० पाशी खड्डा पडणं ही आवाजानं झालेल्या इजेची ओळखीची खूण, आणि सगळ्यात बारीक टोकाकडून ऐकणं जाणं ही वयाची. त्यांच्या कागदावर दोन्ही एकमेकांत मिसळून गेलेत. यातलं म्हातारपणाचं किती आणि कारखान्याचं किती, हे वेगळं काढता येत नाही, आणि आता त्यांच्या वयात कुणी काढायला बसतही नाही. आतल्या कानात, शंखासारख्या वळलेल्या भागात, आवाज टिपणाऱ्या १५ हजारांच्या आसपास केसपेशी असतात. जन्माला येतानाच त्या मिळतात आणि माणसात मेलेली केसपेशी पुन्हा येत नाही.

बारीक आवाज गेले तर गेले, चिमण्या ऐकू येणार नाहीत, एवढंच ना? मलाही वाटायचं एवढंच असेल. पण बोलण्याची रचना बघा. बोलण्यातला जोर असतो स्वरांत, आ, ओ, ऊ यांत, आणि ते जाड पट्टीत येतात. कुठला शब्द आहे हे ठरतं ते बरंचसं व्यंजनांवरून. आणि स, श, च, ट, त, फ ही मंडळी बारीक पट्टीत, शिवाय अगदी हलक्या आवाजात येतात. म्हणून आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. मी दारातून सांगते, "सहाला येते." अण्णा म्हणतात, "आत्ताच घेतला की." घरात हशा पिकतो. त्यांच्या कानात 'हा' पोचलेला असतो, आधीचं व्यंजन गळालेलं असतं, आणि संध्याकाळी दारात उभं राहून लेक काय विचारणार तर चहा, असा मेंदूनं केलेला अंदाज असतो. अंदाज वाईट नव्हता. बहिऱ्यावरचे विनोद ज्यांनी रचले, त्यांनी या अंदाजामागची हुशारी कधी मोजलेली दिसत नाही.

पेन्शनचंही तेच. ज्या शब्दाची आधीपासून वाट बघितली जाते, तो ओळखायला तुकडा पुरतो. त्यात बोलणारा माझा भाऊ, आवाज जाड. वहिनीचा आवाज बारीक, ती बोलते नळ चालू असताना, पाठ करून, आणि विषय कुठलाही असू शकतो. आत्याला इथं सोय दिसते. मला इथं निव्वळ ध्वनिशास्त्र दिसतं.

आता मेंदूकडं येऊ. फाटका संदेश आला तर ठिगळ कोण लावतं? १९९० च्या दशकापासून एफएमआरआय नावाची सोय संशोधकांच्या हातात आहे. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथं प्राणवायू घेऊन येणारं रक्त वाढतं, ते यंत्रात दिसतं. माणूस यंत्रात पडून वाक्यं ऐकतो आणि बाहेर कळतं, आत कोण राबतंय. जोनाथन पील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली उतारवयातल्या माणसांवर असा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचं ऐकणं कमी झालं होतं त्यांच्यात, किचकट वाक्यं ऐकताना, कानाच्या वर, आतल्या बाजूला असणारा श्रवणाचा भाग कमी उजळत होता, आणि त्या भागातला करडा पदार्थही, म्हणजे मेंदूपेशींचा दाट थर, कमी आढळला. इतर अनेक अभ्यासांत दुसरी बाजू दिसते: ऐकणं अवघड झालं की कपाळामागचे भाग जास्त राबू लागतात. हे भाग खरं तर ऐकण्यासाठी नेमलेले नाहीत. लक्ष धरून ठेवणं, आत्ताच ऐकलेलं क्षणभर मनात टिकवणं, चूक झाली का ते तपासणं, अशी त्यांची कामं. 'सिंग्युलो-ओपरक्युलर' असं अवघड नाव असलेलं एक जाळं आहे. काम कठीण जातंय, चुका होताहेत असं झालं की ते जागं होतं. ऐकू न येणाऱ्या माणसात ते साध्या गप्पांतही जागं राहत असावं.

कारखान्यात शेजारच्या मागावरच्या गड्यानं दांडी मारली की आपल्या मागांबरोबर त्याचेही माग बघावे लागतात. कापड पडायचं थांबत नाही. पण डोळा तिकडं गेला की इकडं तार तुटलेली कळत नाही, आणि संध्याकाळी चादर उलगडून बघणारा माणूस बरोबर त्या जागेवर बोट ठेवतो. मेंदूत जे चालतं ते मला असंच समजलं. कपाळामागचा भाग कानाची पाळी सांभाळतो; शब्द कळतो; आणि त्याच वेळी जे लक्षात राहायचं होतं ते सुटतं. अण्णा वाक्य ऐकतात, समजतात, उत्तरही देतात, आणि दोन तासांनी म्हणतात, "असं कधी बोलणं झालं आपलं?" आत्या म्हणते विसरायला लागले. विसरायला आधी ते नीट साठवलेलं असावं लागतं.

इथं जरा सावध राहायला हवं. मेंदूतली 'जाळी' हा सध्या चलनातला शब्द आहे. २००१ साली मेंदूसंशोधक मार्कस रेकल यांनी दाखवलं की माणूस नुसता पडून असतानाही मेंदूचे काही भाग चालूच असतात. त्याला 'डिफॉल्ट मोड' म्हणतात: आठवणी, स्वतःबद्दलचे विचार, उद्याची काळजी यांचं जाळं. बाहेरचं काम आलं की ते मागं सरतं. वयामुळं ऐकणं कमी झालेल्यांमध्ये हे जाळं, लक्ष देण्याचं जाळं आणि श्रवणाचा भाग यांच्यातली जोडणी बदललेली असते असं बऱ्याच अभ्यासांत येतं. पण कुठल्या दोन भागांतली जोडणी वाढते आणि कुठली घटते यावर त्यांचं एकमत नाही, आणि यातले बरेच अभ्यास थोड्या माणसांवर, एकदाच केलेले आहेत. शिवाय मेंदू बदलला म्हणून ऐकणं अवघड झालं की ऐकणं अवघड झालं म्हणून मेंदू बदलला, हे एका वेळच्या फोटोवरून ठरत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. रंगीत मेंदूचं चित्र दाखवलं की मुलं प्रश्न विचारायची थांबतात हा अनुभव आहे. मोठी माणसंही थांबतात.

जोडणीचं राहू दे, थकव्याबद्दल मात्र मला यंत्र नको. आमच्याकडं लग्न असलं की मंगल कार्यालय. वर पत्र्याचं नाहीतर सिमेंटचं छत, खाली फरशी, पडदे नाहीत, चहूबाजूंनी आवाज परत येतो. त्यात डीजे. अण्णा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून हौसेनं येतात. पहिला तासभर दारातच उभे, प्रत्येकाशी बोलतात. किंवा खरं सांगायचं तर प्रत्येकाला बोलतात, म्हणजे स्वतःच बोलत राहतात, समोरच्याला फट मिळू देत नाहीत. जो बोलतोय त्याला ऐकावं लागत नाही. कारखान्याचे किस्से, पूर्वीच्या गड्ड्याच्या जत्रेतली गर्दी, आणि मधूनमधून एक हसू. अक्षता पडेपर्यंत हे जमतं. जेवणाच्या पंगतीत ते गप्प होतात. शेंगाची चटणी पुढं करणाऱ्या पोरालाही मानेनंच उत्तर. मग कोपऱ्यातली एक खुर्ची धरतात आणि डोळे मिटतात. आत्या म्हणते, "बघा, माणसांत आले की लगेच कंटाळले. स्वभावच माणूसघाणा झालाय."

शरीराच्या वजनाच्या २ टक्के असलेला मेंदू शरीराच्या ऊर्जेतला जवळजवळ २० टक्के वाटा खातो. त्या चार तासांत अण्णांच्या कपाळामागं जे चालू होतं ते दिसत नाही म्हणून त्याची कुणी दखल घेत नाही. पोतं उचलून माणूस बसला तर आपण पाणी देतो.

याच हिशेबानं सकाळचे अण्णा आणि रात्रीचे अण्णा यांत फरक पडतो. सकाळी पेपर वाचता वाचता मारलेली हाक लागते, रात्री नऊनंतर समोर उभं राहून बोललेलं लागत नाही. कान तेच, कागदावरची रेघ तीच.

तोंडाकडं बघून ऐकणं हा त्यांचा दुसरा आधार. कितीतरी वर्षं आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. २०२० साली सगळ्यांच्या तोंडाला मास्क लागले आणि अण्णांचं ऐकणं रातोरात पडलं. औषधाच्या दुकानात, रेशनच्या रांगेत, कुठंच काही कळेना. त्यांना वाटलं तापाबरोबर कान गेले. गेलं होतं ते ओठांचं दिसणं. ओठ वाचायची विद्या त्यांनी शेडमध्ये कमावली होती, आणि कान उतरत गेले तसतशी ती भार उचलत गेली होती. 'प' आणि 'म' ओठांवर दिसतात. 'क' आणि 'ग' दिसत नाहीत, ते घशात होतात. म्हणजे हाही आधार अर्धामुर्धाच.

अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठातल्या अनु शर्मा यांचं काम मला म्हणूनच जवळचं वाटलं. त्यांनी आणि ज्युलिया कॅम्पबेल यांनी २०१४ मध्ये दाखवलं की ऐकण्यात सौम्य ते मध्यम घट झालेल्या माणसांना नुसती हलती चित्रं दाखवली, आवाज काहीच नाही, तरी मेंदूतला श्रवणाचा भाग प्रतिसाद देऊ लागतो. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालून हे मोजलं. कानाकडून काम येईना तेव्हा डोळ्यानं ती जागा वापरायला घेतली. हे ठार बहिऱ्या माणसांत होतं ते आधीपासून माहीत होतं. इतक्या लवकर, "थोडं कमी येतंय, चालतंय" या पायरीवर होतं, ही नवी गोष्ट होती.

आमच्याकडं याचा पुरावा दर रविवारी सकाळी येतो. अण्णांच्या कारखान्यातले दोस्त, आम्ही त्यांना मामा म्हणतो, त्यांचेही कान असेच. दोघं ओट्यावर समोरासमोर बसतात, मध्ये चहा. मामांची घरची भाषा तेलुगू, बोलतात मराठी, मध्येच कन्नड घुसतं. आवाज दोघांचाही फारसा नसतो. ओठ जरा जास्त उघडून, हात वापरून बोलतात. माग थांबला म्हणायला तळहात आडवा, मालक आला म्हणायला पोटावरून हात गोल. दीड-दोन तास बिनबोभाट गप्पा होतात. आत्या त्या वेळी घरात असली तर तिचा संशय पक्का होतो: बघा, मामांचं कसं सगळं ऐकू येतं!

पण त्या गप्पांतही एक गोष्ट हरवलीय. अण्णा तेलुगू कारखान्यात शिकले, विशी उलटल्यावर. एके काळी त्या भाषेत भांडण मिटवायचे. आता मामा तेलुगूत गेले की अण्णा हातानं खूण करतात, मराठीत ये. आईच्या दुधाबरोबर आलेल्या भाषेत गळालेलं अक्षर मेंदू सहज भरून काढतो. मोठेपणी शिकलेल्या भाषेत तेवढा ऐवज साठलेला नसतो, त्यामुळं गोंगाटात ती भाषा आधी निसटते. परभाषा गोंगाटात जास्त जड जाते हे संशोधनात वारंवार दिसलेलं आहे. चार भाषांच्या गावात म्हातारपणी बहिरं होण्याचा हा हिशेब निराळाच. विजापूर वेशीत पूर्वी दखनीत भाव करणारा माणूस आता बोट दाखवून भाव करतो, तेव्हा नुसतं ऐकणं गेलेलं नसतं.

आणि आई. आईचं त्यांना ऐकू येतं, टीव्ही चालू असला तरी येतं. आईनं जन्मभर विड्या वळल्या, मांडीवर सूप घेऊन, चार बायकांत बसून, शांत कामात. तिचे कान ठणठणीत आहेत आणि आवाजही मोठा नाही. तरी घरात दुभाषी तीच. मी बोलते, अण्णा आईकडं बघतात, आई माझंच वाक्य तसंच्या तसं म्हणते, आणि ते कळतं. भाऊ चिडतो: "मी हेच तर म्हणालो!" २०१३ साली इन्ग्रिड जॉन्स्रूड आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं संसार केलेल्या नवराबायकोंवर प्रयोग केला. दोन आवाज एकाच वेळी ऐकवले. जोडीदाराच्या आवाजातलं बोलणं माणसं अनोळखी आवाजापेक्षा चांगलं पकडत. वय वाढेल तसं अनोळखी आवाजातलं पकडणं उतरत गेलं, जोडीदाराचं फारसं उतरलं नाही. आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग काय, आयुष्यभर माझंच ऐकलं असतं तर."

आता तो विषय, ज्याच्यामुळं हे सगळं वाचायला बसले. अण्णांच्या विसरण्याची काळजी वाटून आम्ही त्यांना एका दवाखान्यात नेलं. डोक्यावर पंखा, बाहेर रांगेचा कलकलाट, तपासणाऱ्या मुलीच्या तोंडाला मास्क. ती म्हणाली, मी तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा, थोड्या वेळानं विचारीन. अण्णांनी मान डोलावली. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा त्यांनी एक बरोबर सांगितला, एक जवळपासचा आणि तिसऱ्याला हसले. कागदावर गुण गेले. मी म्हटलं, ते शब्द मोठ्या अक्षरांत लिहून दाखवा. लिहून दाखवले, थोड्या वेळानं तिन्ही आले. स्मृतीची चाचणी ऐकवून घेतली तर ती आधी कानाची चाचणी होते, हे जगभरातल्या तज्ज्ञांना ठाऊक असलेलं दुखणं आहे. आपल्याकडं आधी कान तपासून मग ही चाचणी घेण्याचा रिवाज अजून पडायचा आहे.

याचा अर्थ दोन्हींचा संबंध नाही असा नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या फ्रँक लिन यांनी २०११ साली ६३९ माणसांच्या दीर्घ नोंदी मांडल्या. ऐकण्यात सौम्य घट असलेल्यांत पुढं डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि बुद्धी ढासळत जाण्याचा आजार, होण्याची जोखीम दुपटीच्या आसपास, मध्यमात तिप्पट, तीव्रात पाचपट. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगानं डिमेन्शियाची टाळता किंवा लांबवता येण्याजोगी १४ कारणं मोजली आणि त्यात ऐकणं कमी होण्याला ७ टक्क्यांचा वाटा दिला. आता या आकड्यांचं व्हॉट्सॲपवर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: 'कानाचं मशीन लावलं नाही तर वेड लागेल.' असं कुणी म्हटलेलं नाही. कानामुळं मेंदू दमतो म्हणून, की माणूस एकटा पडतो म्हणून, की म्हातारपण दोघांनाही एकाच वेळी झिजवतं म्हणून, हे अजून सुटलेलं नाही; मला वाटतं तिन्ही थोडंथोडं असणार. मशीननं फरक पडतो का, याची मोठी चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. ७० ते ८४ वयाची ९७७ माणसं, तीन वर्षं. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच जास्त जोखीम होती, जास्त वय, रक्तदाब, मधुमेह वगैरे, त्या गटात घसरण ४८ टक्क्यांनी मंदावलेली दिसली. माझ्या मते ही बातमी बरी आहे, हुरळून जाण्यासारखी नाही.

अण्णांच्या कानाचं मशीन आलं त्याची कथा घरोघरची. पहिल्या दुकानात आवाज वाढवून हातात दिलं आणि "सवय होईल" म्हणाले. घरी आल्यावर वहिनीनं ताटं ठेवली आणि अण्णा दचकून उठले. कॅरीबॅगची चुरचुर, फोडणीचा तडतडाट, स्वतःचं चावणं, सगळं एकदम अंगावर. मशीन कपाटात गेलं. यातही हट्ट नव्हता. कान उतरला की हळू आवाज पोचत नाही पण मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो; मधली पट्टी अरुंद होते. म्हणून "मोठ्यानं बोल" आणि "ओरडू नको, बहिरा नाही मी!" ही दोन वाक्यं एका मिनिटात येतात आणि दोन्ही खरी असतात. त्यात संदेश कमी झाला की मेंदू स्वतःची संवेदना वाढवून बसतो. कानात रात्री वाजणाऱ्या 'कुंऽऽ'चं एक कारण तेच मानतात. अशा मेंदूला अचानक पंख्याचा आवाज परत दिला तर तो वैतागणारच. काय टाकायचं आणि काय घ्यायचं हे त्याला पुन्हा ठरवायला आठवडे, महिने लागतात.

दुसऱ्या ठिकाणी एक ऑडिओलॉजिस्ट, ऐकण्याच्या तपासणीतली तज्ज्ञ, भेटली जिनं घाई केली नाही. आधी घरात, एका माणसाशी बोलताना. मग टीव्ही. मग ओटा. लग्न सगळ्यात शेवटी, असं तिनं सांगितलं. अनु शर्मा यांच्याच पुढच्या, २०२० च्या एका छोट्या अभ्यासात सहा महिने मशीन नीट वापरल्यावर डोळ्यानं घेतलेली श्रवणाची जागा बरीचशी मोकळी झालेली दिसली, हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, "सहा महिने घालतील का ते सांगा." घातलं. पहिल्यांदा खूश झाले ते घड्याळाच्या टिकटिकीवर नाही, तर माझ्या स्कूटीवर: "तुझ्या गाडीचा मागचा ब्रेक घासतोय." तपासला तर खरंच लायनर संपलं होतं.

सध्या भांडण दुसऱ्या कानाचं आहे. मशीन डाव्यातच आहे. ऑडिओलॉजिस्ट म्हणते दोन्ही कानांत हवं. आवाज कुठल्या दिशेनं आला हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून काढतो आणि गोंगाटातून एक माणूस वेगळा करायला ते लागतं. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना पासष्टीच्या पुढच्या गरजूंना अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये देते. अण्णांना लावलेल्या जातीचं मशीन त्याच्या कितीतरी पट. भाऊ म्हणतो अर्धे मी घालतो. अण्णा म्हणतात एका कानात भागतंय, उगाच पैसे घालू नका, लग्नाला मी येतच नाही. आत्यानं परवा त्यावर तोंड उघडलं, तिच्या नातीचं लग्न माघात आहे. "न येऊन कसं चालेल? आणि तो डीजे मी लावू देणार नाही, सांगून ठेवते." ती अण्णांच्या डाव्या बाजूला होती. लगेच म्हणाले, "मग बघू."